निंबोळी आत्ता वेचा, नाहीतर घाटे अळी आल्यावर दुकानाची पायरी चढा

आर्द्रा लागल्या की मराठवाडा-विदर्भात बांधावरच्या कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पेरणीच्या घाईत तिकडे बघतो कोण? दोन सरी येऊन जातात, गर सडतो, आतलं बी काळं पडतं. मग ऑक्टोबरात तूर कळीवर आली, शेंड्यावर घाटे अळीची (शेंगा आणि घाटे पोखरणारी अळी) अंडी दिसू लागली की तोच माणूस दुकानात विचारतो, "काय मारू?" दुकानदार हातात ठेवील ते मारलं जातं. बहुतेक वेळा एका पंपात तीन बाटल्या पडतात. फुकटचं औषध, म्हणजे जिचा अर्क फवारायचा ती निंबोळी, मात्र जुलैतच बांधावर कुजलेलं असतं.

म्हणून या पंधरवड्यात निंबोळीला खुरपणीइतकाच मान द्या. बाकीची कामं अशी:

- तूर, सोयाबीन, कपाशी: नांग्या भरणे (न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावणे)
- वाफसा (जमिनीत कामापुरती ओल) येताच डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी
- सखल भागात पाणी काढायला चर
- बांधावरचं गाजरगवत फुलाआधी उपटणे

आता निंबोळी. झाडाखालची जागा झाडून जुन्या साड्या किंवा ताडपत्री अंथरा. पिकून पडलेल्या निंबोळ्या एक दिवसाआड उचला. पाऊस सुरू असेल तर रोजच्या रोज. ओली निंबोळी ढीग करून ठेवलीत तर रात्रीतून तापते. त्याच दिवशी बादलीत टाकून चोळा, साल आणि गर काढा, वर तरंगणारं पोकळ बी फेकून द्या. धुतलेलं बी पडवीत, सावलीत, पातळ थरात पसरा आणि दिवसातून दोनदा हात फिरवा. कडक उन्हात नको, उन्हाने कस जातो.

आणि ते बी खताच्या प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका. हे दरवर्षी सांगतो, दरवर्षी तेच होतं. पोत्याचं तोंड सोडलं की कुबट वास येतो, तळाशी हात घातला की गरम लागतं, बियांचे काळे गोळे हातात येतात. त्यातून अर्क निघत नाही, नुसती बुरशी निघते. गोणपाट वापरा, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून लांब ठेवा.

लागतं किती? एकरी 200 लिटर पाणी धरलं तर एका फवारणीला 10 किलो. तीन एकर तूर, दोन फवारण्या, म्हणजे 60 किलो. एवढं एका दिवसात जमत नाही, म्हणूनच आत्ता. साठवलेलं बी साधारण तीन ते आठ महिन्यांच्या वयात चांगलं काम करतं, म्हणजे जुलैचं बी नेमकं तूर-हरभऱ्याला सापडतं. गेल्या वर्षीचं पोतं उरलं असेल तर खड्ड्यात टाका, त्याच्या भरवशावर राहू नका.

5 टक्के अर्काची शिफारस सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो. 5 किलो बी भरडून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या 1 लिटर पाण्यात विरघळवा. सकाळी भरड फडक्यातून पिळून घ्या, गाळलेल्या अर्कात साबणाचं पाणी घाला आणि एकूण 100 लिटर करा. रंग दुधाळ आला पाहिजे. माझा अंदाज असा की करडा, मळकट आला तर बी गेलेलं आहे. तो फवारून मजुरी वाया घालवू नका. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, विहिरीचं किंवा पावसाचं पाणी बरं.

अर्क त्याच दिवशी संपवा. कडक उन्हात त्यातलं ॲझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं अळीवर काम करणारं द्रव्य) लवकर निकामी होतं, म्हणून चारनंतर पंप पाठीला लावा. पानाच्या खालच्या बाजूलाही पोचू द्या. तासाभरात पाऊस आला तर पुन्हा मारा.

अर्काने अळी पटापट मरत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकताना ती अडकते. म्हणून तो अंडी आणि बारीक अळीवरच मारायचा. तुरीला कळी लागताना, हरभऱ्याला फुलोरा सुरू होताना पहिली फवारणी. बोटाच्या पेराएवढी अळी झाल्यावर अर्क मारून "गावठी औषधाने काही होत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. तोवर उशीर झालेला असतो. हरभऱ्यात ओळीच्या मीटरभर लांबीत एक-दोन अळ्या दिसल्या की पुढचा निर्णय गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून घ्या, दुकानदाराला नाही.

दशपर्णीचंही, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काचंही थोडं. 200 लिटर पाण्यात 5 किलो कडुनिंब पाला, निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, रुई, एरंड, घाणेरी, गुळवेल, लाल कण्हेर प्रत्येकी 2 किलो, मिरचीचा ठेचा 2 किलो, लसूण पाव किलो, शेण 3 किलो, गोमूत्र 5 लिटर. सावलीत महिनाभर, दिवसातून तीनदा ढवळणे. कण्हेर विषारी आहे, ठेचताना हातमोजे घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. झाडपाल्याचं आहे म्हणून तोंडाचा रुमाल सोडू नका.

बी जमलंच नाही तर दुकानातलं ॲझाडिरॅक्टिन 1500 पीपीएम (दहा लाख भागांत 1500 भाग), 10 लिटर पाण्याला 50 मिली. बाटलीवर पीपीएम आणि नोंदणी क्रमांक नसेल, नुसतं "हर्बल पॉवर" लिहिलेलं असेल तर ती परत ठेवा. असल्या बाटल्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पक्कं बिल मागा.

गावात कुणाकडून निंबोळी विकत घेणार असाल तर पोत्याच्या तळातून मूठभर काढा, दहा बिया फोडा. आत हिरवट गर हवा. दोन जरी काळ्या निघाल्या तरी ते पोतं घेऊ नका.