घरशाळेचा उन्हाळी आठवडा सकाळीच आटपावा

बेळगाव परिसरात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कोसळला की विजेचा भरवसा नसतो, म्हणून घरीच शिकणाऱ्या मुलांचा लेखन-वाचनाचा अभ्यास न्याहारीनंतर लगेच उरकावा. कन्नड वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच असल्यामुळे क-वर्गापासून प-वर्गापर्यंत रोज एक वर्ग गिरवला, तरी आठवड्यात बरीच मजल मारता येते. मात्र ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, तिथे घाई करू नये.

गणितासाठी पुस्तकच हवे असे नाही. आंबोशीसाठी चिरलेल्या कैरीच्या फोडी मुलांकडूनच तोलून घ्याव्यात, मीठ लावून उन्हात टाकाव्यात आणि रोज सायंकाळी वजन नोंदवावे. फोडींच्या कडा मुडपू लागतात तसतसे वजन उतरते आणि शेकडेवारी आपोआप कळते. (चाखण्यात जाणाऱ्या फोडींचाही हिशेब ठेवावा.)

गाण्याचा रियाज दिवेलागणीनंतर ठेवावा. सायंकाळी गायला जाणारा भूप राग सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांचा असल्याने नवख्या गळ्याला पेलतो, आणि पेटीला विजेची गरज नसते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये इथल्याच सुळेभावीत झाला, हेही मुलांना जरूर सांगावे.