घरातल्या फौजी माणसाची आठवण नीट लिहून कशी ठेवायची

आपल्याकडे माजी सैनिक गेला की चौकात फ्लेक्स लागतो, खाली "१९७१ च्या युद्धात सहभाग" एवढी एक ओळ, आणि बास, माणूस संपला. ते युद्ध ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे १४ दिवसांचं. बाकीची सगळी नोकरी, रजेची वाट बघणं, पोरांची शिक्षणं, घर बांधणं, हे कुठंच येत नाही. म्हणून लिहायचं तर पलटण आणि घर दोन्ही सोबतच लिहा, वेगळं काढलं की दोन्ही अर्धंच राहतं.

सुरुवात त्या काळ्या ट्रंकेपासून करा, जिच्यावर पांढऱ्या रंगात फौजेतला नंबर आणि नाव रंगवलेलं असतं. आत डिस्चार्ज बुक सापडलं तर निम्मं काम झालं, भरती कधी, हुद्दा काय, रिटायर कधी, मेडल कुठली, हे सगळं त्यात असतं. मेडल मिळाली तर कडेवर टॉर्च तिरका धरून बघा, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं दिसेल. आणि कृपा करून ब्रासो लावून घासत बसू नका, अक्षरं झिजतात. मेडलांत 'पूर्वी स्टार' नावाचं असेल तर माणूस ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेच्या, आणि समर सेवा स्टार म्हणजे १९६५. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर जी पट्टी असते त्यावरून पोस्टिंग कुठल्या भागात होतं तेही कळतं. बुक हरवलं असेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, किंवा नंबर घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे.

आता माणूस हयात असेल तर उद्यावर ढकलू नका. फोनचा रेकॉर्डर चालू करा, त्यांना सांगून, आणि "युद्धात काय झालं सांगा" असं विचारू नका, कारण उत्तर येतं "काय नाय, लढलो." बारकं विचारा. बेळगावला ट्रेनिंगला पहिल्या दिवशी काय झालं, लंगरमध्ये (फौजेच्या स्वयंपाकघरात) काय मिळायचं, शेजारच्या खाटेवर कोण होता, तो पुढं कुठं गेला. लढाईत कोण गेलं हे विचारताना मात्र घाई नको, ते गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, आणि किती मारले हे तर अजिबात विचारू नका, घरातल्या लहान पोरांनाही आधीच सांगून ठेवा.

पलटणीचा इतिहास आधी वाचून गेलात तर फार फरक पडतो. समजा ते जंगी पलटणीत होते, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, तर ती डिसेंबर ७१ ला आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली, शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला तिथल्या पाकिस्तानी कमांडरनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली होती. तुम्ही नुसतं जमालपूर म्हणालात की पुढचं ते आपसूक बोलतील, आणि त्या लढाईत ते नेमके कुठं होते हे तुम्हाला त्यांच्याशिवाय कोण सांगणार.

आजीला वेगळं बसवा, आजोबांसमोर ती बोलत नाही. मनीऑर्डर कधी यायची, पावतीवरच्या एवढ्याशा जागेत काय लिहिलेलं असायचं (पोरांना शाळेत घाल, आईचं औषध चुकवू नको, असलंच काहीतरी, आणि खरं प्रेम तिथंच दिसतं), युद्धाच्या वेळी रेडिओ कुणाकडं होता. मग एका कागदावर डाव्या बाजूला पोस्टिंगची सालं आणि उजव्या बाजूला घरातली सालं लिहा, लग्न, पोरं, आई-वडील गेले ती. कुठल्या पोराच्या जन्माला ते हजर नव्हते आणि कितव्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं, हे त्या दोन रकान्यांत लगेच दिसतं.

लिहिताना त्यांचे शब्द तसेच ठेवा, रजा, पलटण, साहेब, सुबेदार, गुळगुळीत पुस्तकी करू नका. ऐकीव आणि कागदावरचं वेगळं दाखवा. नंबर, पेन्शनचे कागद, बँकेचं काही ऑनलाइन टाकू नका, कोण कसा वापर करेल सांगता येत नाही. निळी आंतर्देशीय पत्रं फोटो काढून मग घडी न करता फाइलमध्ये सपाट ठेवा, लॅमिनेट करू नका. चारपाच प्रती छापून भावंडांत वाटा, एक गावच्या शाळेत द्या, आणि वर्षश्राद्धाला जमलेल्या लोकांत एखादं पान मोठ्यानं वाचा, कारण तिथं बसलेला कुणीतरी म्हातारा हमखास म्हणेल, "हे असं नव्हतं, मी सांगतो", तेव्हा रेकॉर्डर जवळ असू द्या.