डांबर आणि खडी, दोन्हींवर चालणारी ॲडव्हेंचर मोटारसायकल कशी निवडावी

महाराष्ट्रात डांबर संपले की चाकाखाली काय येईल, हे आधी सांगता येत नाही. खडीकरण होऊन डांबरीकरण राहून गेलेल्या रस्त्यावर सुटी, धारदार खडी असते. देशावरच्या गाववाटांवर दाबलेला मुरूम असतो, आणि तो कोरडा असेपर्यंत गाडी त्यावर डांबरासारखीच पळते. कोकणात जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात फुफाटा होते आणि पावसाळ्यात साबणासारखी निसरडी. भंडारदऱ्याहून घाटघर-साम्रदकडे किंवा वेल्ह्यापलीकडे केळदकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पावसाळा सरताना डांबराचे पट्टे आणि मधली उखडलेली खडी यांची सरमिसळ झालेली असते, तर मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण इतकी वर्षे चालले आहे की त्यावरचे खडीचे वळणरस्ते प्रवासाचाच भाग झाले आहेत. अशा मिश्र रस्त्यांसाठी गाडी घेताना बहुतेक जण आधी इंजिनाची ताकद पाहतात आणि वजन शेवटी. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात शोरूममध्ये नव्हे, घरी कागदावर करावी. पुढच्या वर्षभरात आपण खरोखर कोठे जाणार आहोत, त्यात डांबर किती, कच्चा रस्ता किती, आणि त्या कच्च्या रस्त्याचा सर्वांत वाईट तुकडा कसा आहे, हे लिहून काढावे. पुण्याचा किंवा नाशिकचा स्वार प्रामाणिकपणे हिशेब करील, तर त्याचा बहुतांश प्रवास डांबरावरच होणार, हे त्याच्या लक्षात येईल. मग त्या मोठ्या वाट्याला किती इंजिन लागते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही, आणि चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. त्यामुळे ताशी 80-90 च्या वेगाने दिवसभर न थकता, न थरथरता चालणारे आणि ट्रक ओलांडताना थोडी ताकद शिल्लक ठेवणारे इंजिन पुरेसे ठरते. एकट्या स्वाराला 200 ते 250 सीसी आणि डबल सीट सामानासह जाणाऱ्यांना 350 ते 450 सीसी, अशी ढोबळ मर्यादा धरावी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्पीती किंवा लडाख हे उद्दिष्ट असेल, तर उंचीचा हिशेब स्वतंत्रपणे केला पाहिजे. स्पीतीच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांच्या आसपास आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम 58 टक्के राहतो आणि इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. हिरो एक्सपल्स 200 4व्हीचे सुमारे 19 बीएचपी (अश्वशक्ती) तेथे 11 च्या आसपास येतात, तर रॉयल एनफिल्डच्या 452 सीसी हिमालयन 450 चे 40 पीएस (हेही अश्वशक्तीचेच एकक) 23 वर उतरतात. एकटा, आटोपशीर सामान घेतलेला स्वार 11 बीएचपीतही हळूहळू खिंड चढतो. मात्र मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या सॅडलबॅगा असतील, तर त्याच चढावर क्लच जाळण्याची वेळ येते.

आता वजनाकडे वळू. एक्सपल्स 200 4व्ही सुमारे 160 किलो, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167 किलो, नवी केटीएम 390 ॲडव्हेंचर 180 च्या थोडी वर आणि हिमालयन 450 ही 196 किलो. बीएमडब्ल्यू आर 1300 जीएस तर 237 किलोची आहे. डांबरावर हा फरक जाणवत नाही. उलट भरधाव ट्रकच्या वाऱ्यात जड गाडी अधिक स्थिर वाटते. खडीवर मात्र पुढचे चाक घसरू लागल्यावर ते सावरण्यासाठी किती जोर आणि किती वेळ लागतो, हे वजनच ठरवते. कोकणात सागरी मार्गाने जाताना दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे येथे फेरीबोटीत गाडी चढवावी लागते. ओल्या, उतरत्या धक्क्यावर माणसांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत गाडी चालण्याच्या वेगाने सांभाळताना 160 आणि 196 किलोंमधला फरक हाताला नेमका कळतो.

म्हणून माझ्या लेखी पहिली कसोटी अशी की, पडलेली गाडी आपल्याला एकट्याने उचलता आली पाहिजे. शोरूमवाले हा प्रयोग करू देणार नाहीत, त्यामुळे तीच गाडी असलेला मित्र किंवा ओळखीचा स्वार गाठावा आणि मऊ गवतावर एखादी जुनी चादर अंथरून गाडी अलगद आडवी करावी. उचलण्यापूर्वी इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये असल्याची खात्री करावी, म्हणजे ती घरंगळणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, म्हणजे ती उभी होऊन पलीकडे कलंडली तरी स्टँडवर टेकेल. मग हँडल पूर्ण वळवून गाडीकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचे कॅरिअर धरावे, आणि कंबर न वाकवता केवळ पायांच्या जोरावर मागे सरकत उठावे. दोन-तीनदा असे केल्यावर दम लागून हात थरथरू लागले, तर ती गाडी डांबरावर कितीही देखणी चालत असली तरी आपली नव्हे. निर्जन खडीच्या रस्त्यावर ती दुसऱ्यांदा पडेल तेव्हा मदतीला कोणी असेलच असे नाही.

सीटच्या उंचीचा विचारही याच्याशीच जोडलेला आहे. हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर आहे आणि ती 845 पर्यंत वर घेता येते. एक्सपल्सची 825, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्सची 835 मिलिमीटर आहे. शोरूमच्या सपाट फरशीवर दोन्ही पायांचे चवडे टेकले की माणसाला हायसे वाटते, पण रस्ता सपाट नसतो. घाटरस्त्याची कड बाहेरच्या बाजूला उतरती असते, आणि खडीवर थांबताना पाय ज्या बाजूला टाकावा तिकडचीच जमीन चार-सहा इंच खाली असते. त्यामुळे निदान एका पायाचे पूर्ण पाऊल सहज टेकते का, हे बूट घालून पाहावे. उंच सस्पेन्शनची एक्सपल्स प्रो 891 मिलिमीटर सीटची आहे. तिचे 270 मिलिमीटरचे ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) मोहात पाडते, तरी मध्यम उंचीच्या माणसाने मिश्र रस्त्यांच्या प्रवासासाठी ती घेऊ नये. ती खरी खडतर वाटांची गाडी आहे.

पुढच्या चाकाच्या आकारावरून गाडीचा स्वभाव ओळखता येतो. 21 इंची चाक मोठ्या दगडांवरून आणि खड्ड्यांच्या कडांवरून सहज चढून जाते, कारण त्याचा अडथळ्याशी होणारा कोन सौम्य असतो. मात्र त्यावरचा टायर अरुंद असतो, आणि घाटातल्या पाठोपाठच्या वळणांवर गाडी कलायला किंचित आळस करते. 19 इंची चाकावर तुलनेने रुंद टायर बसतो. वळणांवर आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावताना त्याचा विश्वास वाटतो, आणि मुरमाच्या रस्त्याला तो पूर्ण पुरेसा पडतो. हिमालयन आणि एक्सपल्सला 21 इंची, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स व ट्रायम्फ स्क्रॅम्बलर 400 एक्सला 19 इंची चाक आहे. ज्यांचा कच्चा रस्ता म्हणजे गावाकडचा मुरूम आणि अधूनमधून उखडलेले डांबर, त्यांनी 19 इंच घ्यावे. ज्यांना वर्षातून एकदा तरी स्पीतीच्या रस्त्यावरचे, ग्रामफू ते लोसर यांमधले ओहोळ आणि दगडगोटे पार करायचे आहेत, त्यांनी 21 घ्यावे. पुढचे चाक 17 इंची असलेल्या गाड्या, त्यांचे रूप कितीही रांगडे असले तरी, या कामासाठी धरू नयेत.

आऱ्यांची चाके दगडाचा मार लवचिकपणे सोसतात, आणि वाकलेली रिम गावातला अनुभवी मिस्त्री आरे ताणून बरीचशी सरळ करून देतो. अलॉय चाक मात्र जोरदार माराने चिरले की प्रवास तेथेच थांबतो. दुसरीकडे साध्या आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, आणि तिचे पंक्चर काढायला चाक खोलावे लागते. ट्यूबलेस टायरचे पंक्चर रस्त्याच्या कडेला पट्टी भरून पंधरा मिनिटांत निघते. आऱ्यांचे असूनही ट्यूबलेस असलेले चाक हा यावरचा उत्तम तोडगा आहे. हिमालयन 450 ला तो पर्याय मिळतो आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्यच आहे.

सस्पेन्शनचे आकडे वाचताना केवळ ट्रॅव्हल, म्हणजे ते वर-खाली किती सरकते ते अंतर, पाहू नये. हिमालयनला दोन्हीकडे 200 मिलिमीटर, साध्या एक्सपल्सला पुढे 190 व मागे 170, तर स्क्रॅम्बलर 400 एक्सला दोन्हीकडे 150 मिलिमीटर ट्रॅव्हल आहे. मिश्र रस्त्याला 150 चालते, 180-200 असेल तर उत्तम. पण आपल्या नेहमीच्या ओझ्यासह गाडीवर बसल्यावर मागचे सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश बसले पाहिजे. त्याहून जास्त बसत असेल, तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा मुळातला ताण, वाढवावा लागतो. तो वाढवूनही फरक पडत नसेल, तर ती गाडी आपल्या डबल सीट प्रवासाला पुरी पडणार नाही, असे समजावे.

एबीएसबाबत, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडू न देणाऱ्या यंत्रणेबाबत, एक गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, आणि डांबरावर ते जीव वाचवते. सुट्या खडीवर मात्र ते मागचे चाक अडू देत नाही, त्यामुळे उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येण्याची सोय असावी. हिमालयनमध्ये ती आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्समध्ये नाही. अनेक गाड्यांत इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की एबीएस आपोआप पूर्ववत होते, हेही ध्यानात ठेवावे.

टेस्ट राइडला फूटरेस्टवर उभे राहून दोन मिनिटे गाडी चालवावी. कच्च्या रस्त्यावर निम्मा वेळ उभ्यानेच जातो. उभे राहिल्यावर हँडलपर्यंत पोहोचायला पाठ वाकवावी लागत असेल, तर रायझर (हँडल उंच करणारा जोडतुकडा) बसवून फरक पडेल का ते विचारावे. गुडघ्यांमध्ये टाकी घट्ट धरता येते का, हेही पाहावे. त्यानंतर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, गाडी किती सावकाश चालते ते तपासावे. जे इंजिन ताशी 15-20 किलोमीटरला धक्के न देता ओढते, तेच चढावरच्या खडीत साथ देते.

टायरच्या बाबतीत सह्याद्रीचा अनुभव असा की, मोठ्या ठोकळ्यांचे टायर लाल चिखलात भरून जातात आणि ओल्या काँक्रीटवर घसरतात. रस्त्याकडे झुकलेले दुहेरी वापराचे टायरच येथे जास्त उपयोगी पडतात. लांब खडीच्या पट्ट्यावर हवा पाच-सहा पीएसआयने कमी केली, तर पकड लक्षणीय वाढते. मात्र ट्यूब असेल तर फार कमी करू नये, नाहीतर दगड आणि रिम यांमध्ये ट्यूब चिरडते. छोटा पंप सोबत ठेवावा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरावी.

टाकीचा विचार महाराष्ट्रात फारसा करावा लागत नाही. मनाली-लेह मार्गावर टांडीच्या पंपावरचा "पुढचा पंप 365 किलोमीटरवर" हा फलक प्रसिद्ध आहे, आणि 17 लिटरची हिमालयन किंवा 13 लिटरची एक्सपल्स ते अंतर काटकसरीने कापू शकते. 12 लिटरच्या व्ही-स्ट्रॉमला सोबत एक कॅन असलेला बरा.

पैशाच्या हिशेबात 22 सप्टेंबर 2025 पासूनचा जीएसटीतला फरक मोठा आहे. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 18 टक्के, तर त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के कर लागतो. लहान इंजिन घेऊन वाचलेल्या पैशांत चांगले बूट, गुडघ्याचे पॅड, धातूची बॅश प्लेट (इंजिनाच्या तळाचे कवच) आणि हँडगार्ड येतात, आणि खडीवर त्यांचा उपयोग वाढीव बीएचपीपेक्षा निश्चितच अधिक होतो. आपल्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे रत्नागिरी, कुडाळ, अकोले अशा ठिकाणी, त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि क्लच लिव्हर, क्लच केबल लगेच मिळते का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

जुनी गाडी घ्यायची असेल, तर बॅश प्लेट काढून इंजिनाचा तळ पाहावा. पुढचे चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर अडखळल्यासारखे वाटले, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, गेला आहे. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा दिसला, तर ऑइल सील बदलावे लागतील. रिमला मार असेल, किंवा कॅरिअर जेथे चेसीला जुळते तेथे नवे वेल्डिंग दिसले, तर गाडी ओझ्याने दमलेली किंवा जोरात पडलेली आहे. कोनसेट आणि ऑइल सील ही स्वस्तातली कामे आहेत, त्यांचे पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत. चेसीचे वेल्डिंग दिसल्यास मात्र घासाघीस न करता दुसरी गाडी शोधावी.