लॅपटॉपची रॅम वाढवताय, आवाज सुधारताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने वापरलेला लेनोवो थिंकपॅड टी४८०एस लॅपटॉप घेतला आणि लगेच ८ जीबीच्या दोन रॅम मागवल्या. खालचं झाकण उघडलं तर आत स्लॉट एकच. साध्या टी४८० मध्ये दोन स्लॉट असतात. पुढे 'एस' लागला की काही रॅम थेट बोर्डावर सोल्डर केलेली (झाळून पक्की केलेली) असते आणि बदलण्यासारखा स्लॉट एकच उरतो. एका अक्षरापायी एक रॅम पडून राहिली. थिंकपॅडचाच एक्स१ कार्बन असता तर दोन्ही पडून राहिल्या असत्या, कारण त्यात सगळीच रॅम सोल्डर केलेली असते.

म्हणून पैसे देण्याआधी नीट बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथला 'स्लॉट्स यूज्ड'चा आकडा पुरेसा नाही, कारण सोल्डर केलेली रॅमही कधीकधी स्लॉट म्हणून मोजली जाते. त्याच्याजवळच 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. तिथे 'एसओडिम' असेल तर रॅम बहुधा काढता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बहुधा बोर्डालाच चिकटलेली आहे. खात्रीसाठी कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. थिंकपॅडची मॅन्युअल फुकट मिळतात आणि झाकण कसं काढायचं तेही त्यात चित्रांसह असतं.

दुसरी चूक जुन्या मशिनवर होते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची गल्लत सहसा होत नाही, कारण २०४ पिनांची रॅम २६० पिनांच्या स्लॉटात बसतच नाही. घोळ होतो तो डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये. दोन्हींच्या पिना २०४, खाचही त्याच जागी. फरक व्होल्टेजचा: एक १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ ची. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांना १.३५ वालीच लागते. त्यात १.५ वाली घातली की ती छान बसते, पण स्क्रीन काळाच राहतो आणि आपण दुकानदाराशी भांडायला जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत रॅम घेताना 'डीडीआर३ द्या' एवढंच म्हणू नका. जुनी रॅम काढून सोबत न्या आणि लेबलवरचं 'पीसी३एल' दाखवा.

आता उघडण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. लॅपटॉप नुसता बंद करून भागत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो पूर्ण बंद होतच नाही, म्हणून शिफ्ट दाबून शटडाउन करा. चार्जर काढा. मग आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा. थिंकपॅडमध्ये बायोसमधूनही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून) आतली बॅटरी तात्पुरती बंद करता येते, ती सोय जरूर वापरा. शेवटी पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी जोडलेली असताना रॅम ओढल्यामुळे बोर्ड गेलेले मी पाहिले आहेत, आणि बोर्डाच्या किमतीत दुसरा जुना लॅपटॉप येतो. गादीवर किंवा सिंथेटिक चादरीवर बसून हे काम करू नका. स्क्रू ज्या जागेचा त्या जागेच्या क्रमाने कागदावर ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या भागात घुसतो.

रॅम तिरकी, साधारण ३० अंशांत, शेवटपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा खटकन बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टी बरीच बाहेर दिसत असेल तर रॅम अर्धवट बसली आहे, आणि 'नवी रॅम खराब निघाली' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. कोकणासारख्या दमट हवेत जुन्या रॅमच्या पट्टीवर थर चढतो. तो खोडरबरने घासायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटात पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काळा राहिला तर लगेच घाबरून उघडू नका. विशेषतः डीडीआर५ च्या मशिनला पहिल्या वेळी रॅम ओळखून जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. तरीही काही झालं नाही तर एकच रॅम ठेवून प्रत्येक स्लॉटात आळीपाळीने घालून बघा. मशिन सुरू झालं की रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. आणि ८ जीबीऐवजी ७.८ दिसलं तर तो दोष नव्हे, तेवढी रॅम ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखलेली असते.

रॅम वाढली, पण आवाज गेला. हे मला लोक फार विचारतात. काही लॅपटॉपांत स्पीकरची बारीक तार किंवा ऑडिओ जॅक असलेल्या छोट्या बोर्डाची चपटी रिबन काम करताना हलते, आणि आपलं सगळं लक्ष रॅमकडे असतं. हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमध्ये नाही, असं असेल तर स्पीकरची तार बघा. दोन्हीकडे नसेल तर रिबन आणि ड्रायव्हर बघा. पुन्हा उघडण्याआधी पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालू करून गाणं लावा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर शाबूत आहे, दुरुस्ती विंडोजमध्ये करायची. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचाच ऑडिओ ड्रायव्हर घ्या.

आवाज सुधारायचा म्हणून 'लॅपटॉपचं साउंड कार्ड' शोधू नका. ऑडिओची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. स्पीकर बदलता येतात, पण त्याच मॉडेलचे. जास्त वॉटचे लावल्याने आवाज मोठा होत नाही, कारण अँप्लिफायर तोच राहतो; कमी ओहमचे लावले तर उलट त्याच्यावर ताण येतो. खरा फरक छोट्या यूएसबी डॅकने (डिजिटल सिग्नलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाने) पडतो. मात्र टाइप-सी ते ३.५ मिमीचा अगदी स्वस्त अ‍ॅडाप्टर घेताना जपा. काहींच्या आत डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात. अशा अ‍ॅडाप्टरमधून काही फोनवर आवाज येतो, पण लॅपटॉपवर सहसा येत नाही.

डॅक लावूनही घुंईं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज स्वच्छ झाला तर खोट बहुधा लॅपटॉपमध्ये नाही, अर्थिंगमध्ये आहे. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आधी काढा. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात इलेक्ट्रिशियनला बोलवून तो सॉकेट नीट करून घ्या.