हेड एकाचं, ब्लॉक दुसऱ्याचा: गॅस्केट निवडताना कूलंटची वाट कशी तपासावी

बोल्टची भोकं जुळली, डॉवेल (जागा अचूक धरणाऱ्या पिना) बसले, हेड ब्लॉकवर नीट टेकलं, म्हणजे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला, गळती रोखणारा पातळ थर) चालणारच असं धरू नका. बोल्टची मांडणी जुळणं ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. खरी परीक्षा पाण्याच्या वाटांची असते. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) वाढवलेला, टर्बो लावलेला किंवा दुसऱ्या मॉडेलचं हेड चढवलेला ब्लॉक याच परीक्षेत नापास होतो, आणि ते कळतं तेव्हा हेड वाकलेलं असतं.

आधी पाणी कुठून कुठं जातं ते समजून घ्या

बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप कूलंट ब्लॉकच्या पुढच्या टोकाला ढकलतो. तिथून ते सिलिंडरांभोवती फिरत मागं जातं, गॅस्केटमधल्या भोकांतून हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढं येऊन थर्मोस्टॅटकडं (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेकडं) निघतं. हे घडावं म्हणून गॅस्केटची पुढची भोकं मुद्दाम लहान आणि मागची मोठी ठेवलेली असतात. ब्लॉकमध्ये भलीमोठी खाच आणि गॅस्केटमध्ये तिच्यावर ४ मिमीचं भोक दिसलं, तर ती चूक नाही. किती पाणी कुठून चढेल हे तेच भोक ठरवतं. ते ‘मोकळं’ करून ८ मिमी केलंत की क्षेत्रफळ चौपट होतं, पाणी तिथूनच वर निसटतं आणि मागचे सिलिंडर उपाशी राहतात. गॅस्केट उलटं बसवलं तरी हेच होतं. त्यामुळं ‘फ्रंट’ किंवा ‘टॉप’ अशी खूण असेल तर ती आधी शोधा.

गॅस्केट दोन्ही बाजूंना ठेवून पाहा

नवं गॅस्केट आधी ब्लॉकवर डॉवेलमध्ये बसवा आणि फोटो काढा. मग तेच हेडच्या तोंडावर ठेवून पुन्हा पाहा. प्रत्येक भोकाला चार प्रश्न विचारायचे.

१. ब्लॉक, गॅस्केट आणि हेड, तिन्हीकडं वाट उघडी आहे का? एका ठिकाणी बंद असेल, तर ती मूळ रचनेतही बंद होती का?

२. भोकाभोवतीची उठावाची कड पूर्णपणे सपाट धातूवर टेकते का? हेडमधली खाच त्या कडेच्या बाहेर डोकावत असेल तर तिथं गळती ठरलेली.

३. तेलाच्या वाटा जुळतात का? होंडाच्या बी-सिरीजमध्ये व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) नसलेल्या ब्लॉकवर व्हीटेक हेड लावताना हेडसाठीचं तेल बाहेरून नळीनं आणावं लागतं, कारण ब्लॉकमध्ये ती वाटच नसते.

४. सिलिंडर एकमेकांना जोडलेले आहेत का? असतील तर वाफ निघायची बारीक भोकं आहेत का?

चौथ्या प्रश्नाकडं फार लोक दुर्लक्ष करतात. शेवरोलेचं १९७० मध्ये आलेलं ४०० क्युबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक हे याचं प्रसिद्ध उदाहरण. त्यात सिलिंडरांच्या मध्ये पाणी फिरत नाही, म्हणून डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडावर, वाफेची भोकं दिली आहेत. ३५० क्युबिक इंचांच्या इंजिनाचं हेड त्यावर सहज बसतं, पण त्यात ही भोकं नसतात. तसंच चढवलं तर दोन सिलिंडरांच्या सांध्यावर वाफ कोंडते आणि गॅस्केट नेमकं तिथंच जळतं. उपाय म्हणजे ४०० चं गॅस्केट हेडवर ठेवून खुणा करायच्या आणि हेडच्या वॉटर जॅकेटपर्यंत (पाणी फिरण्याच्या पोकळीपर्यंत) भोकं पाडून घ्यायची.

हेडमधली नको असलेली वाट बंद करायची असेल तर आटे पाडून प्लग बसवा किंवा वेल्डिंग करा, आणि त्यानंतरच हेडला फेस मारा, म्हणजे तोंड मशीनवर सपाट करून घ्या. नुसतं एपॉक्सी भरून भागवू नका. दहा-वीस वेळा तापून थंड झालं की त्यावर भरवसा उरत नाही.

बोअर आणि जाडी

गॅस्केटचा बोअर सिलिंडरच्या बोअरपेक्षा ०.५ ते १ मिमी मोठा हवा. फायर रिंगची (गॅस्केटमधल्या सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्याची) कड सिलिंडरमध्ये आली तर ती लालबुंद होऊन मिश्रण वेळेआधी पेटवते.

जाडी नेहमी दाबल्यानंतरची धरा. ८६ मिमी बोअर आणि ८६ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या धावेच्या) सिलिंडरवर ८७ मिमी बोअरचं १.२ मिमी गॅस्केट साधारण ७.१ सीसी जागा घेतं, ०.७ मिमीचं ४.२ सीसी. एवढ्या फरकानं कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) १०:१ वरून १०.५:१ च्या आसपास जातो. पातळ गॅस्केटनं पिस्टन आणि हेडमधलं अंतरही घटतं. पोलादी कनेक्टिंग रॉडच्या इंजिनात ते १ मिमीच्या आसपास ठेवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पिस्टनवर प्लास्टिसिन (खेळायची मऊ माती) ठेवून, इंजिन हातानं फिरवून मोजा.

पृष्ठभाग

अनेक थरांच्या स्टील गॅस्केटला आरशासारखा नाही, पण खूप बारीक फिनिश लागतो: आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) १.२५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, ०.७५ असेल तर उत्तम. वायर ब्रश किंवा ग्राइंडरवरच्या खरखरीत चकतीनं साफ केलेल्या डेकवर हे गॅस्केट टिकत नाही. सरळपट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) लांबीत, रुंदीत आणि तिरकं मोजा. चार सिलिंडरच्या हेडवर ०.०५ मिमीच्या वर फट निघाली तर फेस मारा. तांब्याचं गॅस्केट दाब छान धरतं, पण पाणी धरण्यात कच्चं असतं. त्याला सीलंट लागतोच.

आवळणं

बंद तळाच्या भोकांतलं तेल-पाणी हवेनं उडवून काढा, नाहीतर बोल्ट आवळताना आतला द्रव ब्लॉक फोडतो. वॉटर जॅकेटमध्ये उघडणाऱ्या भोकांतल्या बोल्टना सीलंट लावा. ताणून आवळायचे बोल्ट पुन्हा वापरू नका. मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळा. टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा कोणत्या वंगणासाठी दिला आहे ते वाचा. इंजिन ऑइलचा आकडा मॉलीच्या (मॉलिब्डेनमच्या, जास्त निसरड्या) पेस्टवर वापरला तर बोल्ट जास्त ताणला जातो.

पाणी भरणं आणि खात्री

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. त्याच्या अडथळ्यामुळं ब्लॉकमध्ये पंपाचा दाब टिकतो आणि सिलिंडरच्या भिंतीलगत वाफ कमी होते. रेडिएटरच्या झाकणाचा दाबही महत्त्वाचा: १ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं.

हीटर उघडा ठेवून, गाडीचं तोंड उंच करून कूलंट भरा आणि सगळ्यात उंच जागेवरून हवा काढा. तापमानाचा सेन्सर हवेच्या खिशात अडकला तर काटा थंड दाखवतो आणि हेड मात्र जळत असतं. म्हणून पहिल्यांदा तापवताना इन्फ्रारेड थर्मामीटरनं हेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजा. मागचं टोक सतत बरंच गरम राहिलं तर आधी हवा पुन्हा काढा, मग गॅस्केटच्या दिशेकडं वळा. इंजिन थंड असतानाच, सुरू होताक्षणी वरचा होज कडक झाला किंवा टाकीत सतत बुडबुडे आले, तर निळ्या रसायनाची चाचणी करा. टाकीतली हवा त्यातून ओढल्यावर निळा रंग पिवळा झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. मग पुन्हा आवळून पाहण्यात वेळ घालवू नका. हेड उतरवा आणि जळालेली खूण कुठल्या भोकाजवळ किंवा कुठल्या सांध्यावर आहे ते आधी काढलेल्या फोटोंशी ताडून बघा.