पुरासाठीची रबरी बोट : सज्जता आणि निगा

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठावरील गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवले आहेत, आणि आता अनेक ग्रामपंचायतींकडे व तरुण मंडळांकडे हवा भरून वापरायची रबरी बोट असते. माझ्या पाहण्यात या बोटींचे नुकसान पुरात होते त्यापेक्षा गोदामात पडून राहिल्याने अधिक होते. म्हणून तिची तपासणी एप्रिलमध्येच करावी, कारण दमट हवेत ठिगळाचा गोंद नीट धरत नाही आणि जुलैमध्ये सापडलेले छिद्र त्या हंगामात भरवशाने बुजवता येत नाही.

खडे झाडून काढलेल्या सावलीच्या जागी बोट उलगडावी. बोटीच्या फुग्यात आडपडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असतात. एकच कप्पा पूर्ण फुगवला तर पडद्यावर एकीकडून ताण येतो, म्हणून सर्व कप्पे आधी आळीपाळीने निम्मे भरावेत, तळाच्या फळ्या बसवाव्यात, मग फुगे पूर्ण भरून शेवटी तळाखालचा कण्याचा फुगा भरावा. मुख्य फुग्यांचा दाब बहुधा ०.२५ बार, म्हणजे सुमारे ३.५ पीएसआय ठेवतात. तरीही आपल्या बोटीवर जो आकडा छापलेला असेल तोच प्रमाण मानावा आणि हाताने दाबून अंदाज करण्याऐवजी दाबमापक वापरावा. तापमान दहा अंशांनी वाढले तर हा दाब सुमारे ०.०४ बारने वाढतो, त्यामुळे भरलेली बोट उन्हात ठेवायची असल्यास थोडी हवा सोडावी, आणि थंड पाण्यात उतरवल्यावर दाब पुन्हा पाहावा.

गळती शोधण्यासाठी बोट चोवीस तास तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाब मोजावा. तो कमी भरल्यास झडपा, सांधे आणि इंजिनाच्या फळीजवळचे कोपरे यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. पुष्कळदा दोष झडपेत अडकलेल्या वाळूच्या कणाचा निघतो. ठिगळ लावायचे झाल्यास बोटीचे कापड पीव्हीसी आहे की हायपॅलॉन (एक प्रकारचे कृत्रिम रबर) हे आधी निश्चित करावे, कारण दोहोंचे गोंद वेगळे असतात आणि पंक्चरवाल्याकडील सायकलचे सोल्यूशन यांपैकी कशालाच चालत नाही. ठिगळ गोल कापावे, ते छिद्राच्या सर्व बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर पुढे यावे, आणि किमान एक पूर्ण दिवस त्या कप्प्यात हवा भरू नये.

बोटीसोबत ठेवायच्या साहित्यात पहिला मान लाइफ जॅकेटचा आहे. चालकासह प्रत्येकासाठी एक, आणि लहान मुलांच्या मापाची निराळी, एवढी जॅकेट नसतील तर बोट पाण्यात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याखेरीज दोन जोड्या वल्ही, फूटपंप, पाण्यावर तरंगणारा पंधरा-वीस मीटर दोर, शिट्टी, पाण्यात चालणारी बॅटरी, दोर कापण्याची सुरी, पाणी उपसायचे भांडे आणि ठिगळांचा संच बोटीतच बांधून ठेवावा. क्षमतेचा आकडा बोटीच्या आतील बाजूस ठळक रंगवावा आणि त्यात चालक व मदतनीसही मोजावेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, हे बोटीत माणसे चढवताना काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने आठवावे. घाबरलेल्या लोकांना ‘पुढच्या फेरीला’ असे सांगणे अवघड असते, म्हणून ते काम चालकावर न सोपवता काठावरच्या एका माणसाकडे द्यावे.

पुराच्या पाण्याखाली उसाचे फड, कुंपणाच्या तारा आणि विजेच्या वायरी असतात. म्हणून इंजिनाच्या पंख्याला संरक्षक कडे बसवावे, जादा पंखा आणि स्पार्क प्लग जवळ ठेवावा, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाने मनगटाला अडकवावी. इंजिन टू-स्ट्रोक असल्यास पेट्रोल व तेलाचे प्रमाण पुस्तिकेनुसारच ठेवावे (अनेक इंजिनांना पन्नास लिटरला एक लिटर लागते), आणि गेल्या वर्षीचे पेट्रोल टाकीत राहू देऊ नये. महिन्यातून एकदा पाण्याने भरलेल्या पिंपात पंखा बुडवून इंजिन चालवावे. कोरडे चालवल्यास आतला पाण्याचा पंप जळतो.

पूर ओसरल्यावर तळाच्या फळ्या काढून फुगा आणि तळ यांच्या खाचेतील वाळू धुऊन काढणे सर्वांत महत्त्वाचे, कारण हीच वाळू कापड आतून घासत राहते. सौम्य साबण वापरावा. डिझेल किंवा रॉकेलने पुसू नये. बोट सावलीत पूर्ण कोरडी करून, टॅल्कम पावडर भुरभुरून, दर वेळी वेगळ्या रेषेवर घडी घालावी. जागा असेल तर थोडी हवा ठेवून ती फळीवर उंच ठेवणे अधिक चांगले. धान्य, पेंड किंवा खताची पोती त्याच खोलीत ठेवू नयेत. धान्यासाठी आलेले उंदीर घडीतही घर करतात आणि एका रात्रीत चार थर कुरतडतात.