उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी पुस्तके, चित्रपट आणि संगीत यांचा बेत कसा आखावा

एप्रिल सरत आला की घरोघरी ‘या सुट्टीत काय वाचायचे, काय पाहायचे, काय ऐकायचे’ याची यादी होते आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती बाजूला पडलेली असते. दोष बहुधा यादीच्या रचनेत असतो. एका रकान्यात वीस पुस्तके, दुसऱ्यात तितकेच चित्रपट, तिसऱ्यात गाणी, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, अशी ती यादी असते. त्याऐवजी दोन-तीनच कथा निवडाव्यात आणि त्यांतील प्रत्येक कथा पुस्तकातून, पडद्यावरून आणि सुरांतून अशा तिन्ही वाटांनी अनुभवावी, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. एकच कथा तीन रूपांत भेटली की ती घरातल्या लहानथोरांच्या बोलण्यात येऊ लागते, आणि सुट्टीच्या बेताला खरा आधार त्या बोलण्याचाच मिळतो.

आधी दिवस मोजावेत

राज्याच्या बहुतांश भागात शाळांची सुट्टी मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा आणखी काही दिवस उशिरा उघडतात. या दिवसांतून लग्नकार्ये, गावी जाणे-येणे आणि पाहुणे यांचे दिवस आरंभीच वजा करावेत. उरलेल्या काळासाठी दोनच गोष्टी ठरवाव्यात: रोजचा एक छोटा नेम, जो वीस मिनिटांत पुरा होईल, आणि आठवड्यातून एक मोकळी संध्याकाळ, जी चित्रपटासाठी राखून ठेवलेली असेल. याहून अधिक काही कागदावर मांडू नये.

रोजचा नेम निवडावा

रोजच्या नेमासाठी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’इतके सोयीचे पुस्तक मला दुसरे माहीत नाही, आणि त्याचे पहिले कारण त्याच्या रचनेतच आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक प्रकरणांऐवजी रात्रींमध्ये विभागलेले आहे, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. १ मे रोजी पहिली रात्र वाचायला घेतली तर ११ जूनला बेचाळिसावी रात्र होते, म्हणजे शाळा उघडण्याच्या तोंडावर पुस्तक पुरे होते. हे मोठ्याने वाचण्याचे पुस्तक आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची आठवण सांगतो, तशीच ती जेवणे उरकल्यावर, अंथरुणे घातल्यावर घरातल्या एकाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. वाचणारा रोज बदलावा; आजीने एक रात्र, सहावीतल्या नातवाने दुसरी. मुलगा अडखळला तर त्याला लगेच दुरुस्त करू नये.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. पुस्तकातला काळ आणि रीतिरिवाज आजच्या मुलांना परके आहेत. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, ती रात्र ऐकून मुले प्रश्न विचारतात. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत मोळी वाहणाऱ्या महार समाजातील वृद्धेला शिवण्याचा प्रसंग आहे, तिथेही विचारतात. अशा वेळी पुढची रात्र घाईने सुरू न करता थांबावे आणि अस्पृश्यता म्हणजे काय होते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. त्या दिवशी वाचन तेवढ्यावरच थांबले तरी चालेल.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली याच पुस्तकावर काढलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. आईच्या भूमिकेतील वनमाला आणि श्याम झालेले माधव वझे यांचे चेहरे एकदा पाहिले की ते मनातून पुसत नाहीत, म्हणून हा चित्रपट बेचाळीस रात्री पुऱ्या झाल्यानंतरच दाखवावा. तोवर प्रत्येक मुलाच्या मनात त्याचा स्वतःचा श्याम तयार झालेला असतो. वसंत देसाई यांच्या संगीतातले, आशा भोसले यांनी गायलेले ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणे त्यानंतर नुसते ऐकायला लावावे. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये याच कथेवर नवा चित्रपट केला आहे. थोरल्या मुलांना दोन्ही चित्रपटांची तुलना करायला नक्की आवडते.

ज्या घरात वाचनापेक्षा ऐकण्याची गोडी अधिक आहे, तिथे रोजचा नेम म्हणून ‘गीतरामायण’ घ्यावे. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली आणि आठवड्याला एक या गतीने वर्षभर चालली. आपण रोज एक गीत ऐकले आणि आरंभ १५ एप्रिलला केला, तर ९ जूनला शेवटचे गीत येते. गीत लागण्याआधी त्याचे शब्द एकदा वाचून घ्यावेत. दोन्ही नेम एकाच सुट्टीत करण्याचा मोह टाळावा.

आठवड्याच्या संध्याकाळींसाठी कथा निवडाव्यात

येथे पुस्तक आधी की चित्रपट, असा प्रश्न नेहमी येतो. प्रत्येक कृतीसाठी त्याचे उत्तर वेगळे आहे.

‘जैत रे जैत’साठी मी आरंभ गाण्यांपासून करावा असे म्हणेन. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेल्या या चित्रपटात ठाकर समाजातल्या नाग्याची कथा गाण्यांतूनच पुढे सरकते, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत हा तिचा कणा आहे. पहिले दोन-तीन दिवस फक्त गाणी ऐकावीत. मेच्या काहिलीत ‘नभ उतरू आलं’ ऐकताना त्यातला पावसाळी ओलावा जसा जाणवतो, तसा तो एरवी क्वचितच जाणवतो. त्यानंतर शनिवारी चित्रपट पाहावा आणि पुढच्या आठवड्यात कादंबरी हाती घ्यावी. तोवर ढोल, लिंगोबाचा डोंगर आणि राणी माशी यांची ओळख झालेली असल्याने गोनीदांची बोलीभाषेतली वाक्ये सहज उलगडतात. ही कथा प्रौढांसाठी आणि जाणत्या मुलांसाठी आहे.

‘कट्यार काळजात घुसली’चा क्रम उलटा ठेवावा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याची संहिता मिळवून घरातल्यांनी पात्रे वाटून घ्यावीत आणि दोन बैठकांत ती मोठ्याने वाचावी; खाँसाहेब, पंडितजी, सदाशिव, झरीना, उमा आणि कविराज या भूमिका घरातल्या घरातच भरून निघतात. मग जितेंद्र अभिषेकींनी चाली दिलेली, वसंतराव देशपांडे यांनी गायलेली पदे ऐकावीत. शेवटी सुबोध भावे दिग्दर्शित २०१५ चा चित्रपट पाहावा, ज्यात खाँसाहेबांची गाणी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायली आहेत. ‘घेई छंद मकरंद’ आजोबांच्या आणि नातवाच्या आवाजात लागोपाठ ऐकले, तर गायकी एका पिढीकडून दुसरीकडे जाते म्हणजे नेमके काय होते, हे संगीत न शिकलेल्यालाही कळते.

सहा आठवड्यांत अशा दोन कथा पुरतात. प्रत्येकीला दोन-दोन आठवडे द्यावेत आणि उरलेल्या शनिवारी मुलांना जे पाहायचे असेल ते, कोणतीही अट न घालता, सर्वांनी मिळून पाहावे.

साहित्य एप्रिलमध्येच जमवावे

पहिला फेरा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात घालावा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून वाचकांची सेवा करीत आहे, आणि लहान गावांतही अनुदानित वाचनालये आहेत. अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावे, साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्यावा आणि सुट्टीत मागणी वाढत असल्याने हवी ती पुस्तके ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवावीत. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले असल्याने त्यांच्या लेखनावरील स्वामित्व हक्काची मुदत संपलेली आहे. त्यामुळे ‘श्यामची आई’ वैध मार्गाने विनामूल्य वाचता येते. चित्रपट मात्र इंटरनेटवरील एका मंचावरून दुसऱ्यावर जात असतात, म्हणून ठरलेल्या शनिवारच्या दोन दिवस आधी तो उपलब्ध आहे ना, हे पाहून घ्यावे. कोकणात किंवा डोंगराळ भागात जायचे असेल तर गाणी आधीच मोबाइलवर उतरवून (डाउनलोड करून) घ्यावीत.

महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्यांनी भिलारसाठी एक दिवस राखावा. ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झालेल्या या गावात घराघरांतून विषयवार पुस्तके मांडलेली आहेत आणि ती तिथेच बसून वाचता येतात.

वेळांची जागा ठरवावी

दुपारी जेवणानंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा प्रत्येकाने आपापले मूक वाचन करावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत. त्याआधी, ऐन मध्यान्ही, वृंदावनी सारंग लावावा, कारण त्या रागाची वेळच ती आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी यमन ऐकावा. रागांची नावे मुलांकडून पाठ करून घेण्याची गरज नाही. त्याच वेळी तोच राग आठवडाभर कानावर पडला की तो ओळखीचा होतो. दुपारी वीज जाणाऱ्या गावांत चित्रपटाची वेळ सूर्यास्तानंतरचीच ठेवावी.

एक वही समोर ठेवावी. तिच्यात सारांश लिहायला लावू नये, नाहीतर सुट्टीचा गृहपाठ होतो. ज्याला जे वाक्य, जे दृश्य किंवा जी ओळ आवडली, ती त्याने तारीख घालून लिहावी, आणि काहीच आवडले नसेल तर तेही लिहावे. नेमाचा एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन रात्री वाचून भरपाई करू नये. सोडलेल्या जागेपासून पुढे चालावे, फार तर शेवट दोन दिवस लांबेल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाचनालयाची पुस्तके मोजून परत करावीत. जे पुस्तक अर्धे राहिले असेल, त्याचे नाव आणि पान क्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि दिवाळीच्या सुट्टीचा बेत त्याच पुस्तकापासून सुरू करावा.